शेगडीमागच्या अकरा रेघा

रेघा अकरा होत्या आणि अकराही एकदमच लहरत होत्या. शेगडीच्या मागे, स्टीलच्या पत्र्यावर, डावीकडून उजवीकडे जेमतेम चाळीस सेंटिमीटर. डाव्या टोकाला खोल, उजवीकडे विरळ होत गेलेल्या. एक वर गेली की बाकीच्या दहा वर, एक खाली आली की दहाही खाली. झोरित्साने चष्मा कपाळावर सरकवला, भिंग लावलं आणि एका रेघेतल्या लाटा मोजल्या. सव्वीस. पुन्हा मोजल्या. सव्वीसच.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईला एवढ्यावरून पुढचं कळायला कॉफी लागत नाही. रेघा एकदम लहरतात, म्हणजे त्या एकाच ठोकळ्याने एकाच फटक्यात उमटल्यात. ठोकळ्याला चुकून जाड पॉलिश पेपर गुंडाळलेला. शिवाय घासणारा पत्र्याच्या अंगाने, आडवा गेला होता. भांडी घासायची सवय असलेला हात गोल फिरतो. हा फिरला नव्हता. लाकडासारखं पत्र्यालाही अंग असतं आणि त्याच अंगाने जावं लागतं, हे या घरात मनापासून मानणारी माणसं दोनच. त्यातली एक ती स्वतः.

चाळीस सेंटिमीटर जायला म्हाताऱ्या माणसाला पाचेक सेकंद लागतील. सव्वीस लाटा. सेकंदाला पाच थरथरी.

तिला उत्तर मिळालं. ते तिने भिंगाबरोबर एप्रनच्या खिशात ठेवून दिलं आणि मग कॉफी चढवली.

आज संत लुकाचा, घराण्याच्या राखणदार संताचा दिवस. वाल्येवोतल्या या घरात लुकाला कुणी संत म्हणत नसे, नुसतं लुका. पंचवीस पावलांवर राहणारा, वर्षातून एकदा जेवायला येणारा थोरला काका असावा तसा. त्याच्या दिवशी कुणाला बोलावणं धाडत नाहीत, ज्याला यायचं तो येतो, आणि घरधनी दिवसभर बसत नाही. सगळ्यांचं होईपर्यंत उभा राहून वाढतो. यंदा शुक्रवार, उपासाचा वार, आला होता, म्हणजे मांस नाही, लोणी नाही, मासा. दहाला पाद्री येणार, पावाची पूजा होणार, बारापासून पाहुणे. आणि पाद्री तिच्या बाबांना नऊ वर्षं विचारत आलेला प्रश्न पुन्हा विचारणार: तिहोमिर, यंदा लुका सोपवतोस का?

लुका बापाकडून मुलाकडे जातो. मुलगा, नेबोयशा, काल रात्रीच बायकोला घेऊन नोवी सादहून आला होता. सोपवला की लुकाची तसबीर, मेणबत्तीचं पितळी घर आणि पावाचा साचा असं सगळं पाचव्या मजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये जाणार. लग्न मोडून या घरात परत आल्यापासून सतरा वर्षं गहू शिजवणारी, पाव मळणारी, मासा तळणारी झोरित्सा मग भावाकडे पाहुणी म्हणून जाणार, दारात बूट काढणार आणि कुणीतरी तिला पाहुण्यांना देतात तसा चमचाभर गोड गहू देणार. तिहोमिर दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." झोरित्सा दर वर्षी त्या वाक्यावर एक वर्ष जगायची.

"अरे देवा," आई दारातून म्हणाली. स्तामेनाने डोक्याला रुमाल बांधला होता आणि हातात कार्प मासा होता. "हे कुणी केलं?"

"काय केलं?" मागच्या अंगणातून तिहोमिर आत आला. उजवा हात कोटाच्या खिशात. त्याने पत्र्याकडे पाहिलं, मग एकेकाकडे, आणि कारखान्यात फोरमन असतानाचा आवाज काढला. "हे कुणाचं काम आहे?"

झोरित्साने कॉफीच्या कपात तोंड घातलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या खणखणीत नव्हत्या ऐकल्या.

"सगळ्यांना बोलवा," तो म्हणाला. "झोपलेल्यांना उठवा."

पत्रा त्याचा होता. भांड्यांच्या कारखान्यात पत्रेकाम करता करता, एक्याऐंशी साली, रविवारचे रविवार बसून त्याने तो घडवला होता. दोन मीटर चाळीस, मध्ये कुठे जोड नाही. पडवीत मांडून तीन दिवस हाताने घासून त्याला अंग आणलं. या गल्लीत त्याआधी कुणाच्या शेगडीमागे स्टील नव्हतं.

नेबोयशा पायजम्यात आला, लिलियाना केसांत रोलर अडकवून. तिहोमिरने दोघांना पत्र्यासमोर उभं केलं.

"सूनबाई, तुझ्या पिशवीत तारेची घासणी आहे?"

"माझ्या पिशवीत दात घासायचा ब्रश आहे, बाबा."

"तो कडक आहे का?"

"डेंटिस्ट मऊ म्हणाला."

"नेबोयशा, तू पहाटे उठला होतास."

"बाथरूमला."

"इकडून गेलास?"

"बाबा, बाथरूम तिकडे आहे. मी बावन्न वर्षांचा आहे, रस्ता पाठ झालाय."

"मी केलं," स्तामेना अचानक म्हणाली.

सगळे वळले. तिने मासा परातीत ठेवला आणि हात पुसले. "करपलेलं निघत नव्हतं, घासलं. झालं? आता मला फाशी द्या, पण सूप उतू जाण्याआधी द्या."

तिहोमिरचं तोंड उघडं राहिलं. त्याला हे अपेक्षितच नव्हतं. "तू नाही केलंस," तो चिडून म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"मला... तू उलट्या बाजूने घासलं असतंस."

"चव्वेचाळीस वर्षं मी या पत्र्याला डावीकडून उजवीकडे पुसतेय," स्तामेना म्हणाली. "तुझी पाठही मी इतक्या अदबीने कधी घासली नाही."

आई त्याला वाचवतेय, झोरित्साच्या लक्षात आलं. म्हणजे आईलाही माहीत आहे. म्हणजे आई रोज पहाटे त्याच्या शेजारी झोपून त्या हाताची थरथर ऐकते आणि गप्प बसते. आता माहीत असलेली माणसं तीन झाली, आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होती. झोरित्साला हसू आवरेना. तिने ते खोकल्यात बदललं.

"हरकत नसेल तर मी एक बोलू?" लिलियाना म्हणाली. "गाडीत एक नवीन आहे."

"नवीन काय?"

"शेगडीमागे लावायचं. काचेचं. दोन वर्षं आमच्या पलंगाखाली होतं. म्हटलं, कधी हा खराब झालाच तर."

खोलीत एवढी शांतता पसरली की परातीतला मासा बोलेल असं वाटलं.

"दोन वर्षं वाट बघतेयस," तिहोमिर हळूच म्हणाला. "आणि आज नेमका खराब झाला."

"बाबा, मी वाट बघितली म्हणून पत्रा खराब होत नाही."

"काचेवर काय आहे?" स्तामेनाने विचारलं.

"लॅव्हेंडरचं शेत."

"जांभळं?"

"जांभळं."

"आणा बघू," स्तामेना म्हणाली, आणि लग्नापासून सुनेशी हवापाण्यापलीकडे न बोललेली सासू सुनेला बिलगून गाडीकडे निघाली. तिहोमिर पाहत राहिला. वीस वर्षांची आघाडी एका जांभळ्या शेताने फुटली होती.

काच आली. सुंदर होती, झोरित्सालाही मान्य करावं लागलं. नेबोयशाने आणि तिने ती भिंतीला टेकवली. शेत शेगडीपासून निघालं, सिंकपर्यंत फुललं, आणि खिडकीच्या वीतभर आधी संपलं.

"बसत नाही," तिहोमिर म्हणाला. त्याच्या आवाजात सण होता.

"बसायला हवी," लिलियाना म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी ईस्टरला नेबोयशाने मोजलं होतं. बरोबर बारा विती."

"आणि दुकानात?"

"दुकानात मीच गेले. बारा विती दाखवल्या."

झोरित्साने तिचा हात धरून ओट्यावर पसरला, मग भावाचा. "तुझी वीत अठरा आणि थोडी. त्याची वीस. बारा वेळा पावणेदोन सेंटिमीटर. वीस-एकवीस कमी पडणारच."

"मोठा हात म्हणून लग्न केलं मी याच्याशी," लिलियाना खिन्नपणे म्हणाली.

"पत्रा कापू थोडा, म्हणजे दोन्ही..." नेबोयशाने सुरुवात केली. "किंवा काच कापून जोड देऊ."

"ही कडक केलेली काच आहे," झोरित्सा म्हणाली. "कापायला गेलास की सगळ्या शेताची एका क्षणात साखर होईल. गव्हावर भुरभुरायला उपयोगी पडेल."

आधी स्तामेना हसली. मग लिलियाना. मग रोलरसकट लिलियाना खुर्चीत बसली आणि तिला थांबताच येईना. तिहोमिरने घड्याळ पाहिलं. साडेआठ. "अशा पत्र्यासमोर लुकाचा मासा तळला जाणार नाही," त्याने जाहीर केलं, पण जाहीरनामा कुणाच्या कानात शिरला नाही.

"दुरुस्त होतो," झोरित्सा म्हणाली. आता मात्र सगळ्यांनी ऐकलं. "पण नुसत्या रेघा काढता येत नाहीत, तेवढीच जागा घासली तर तिथे डाग दिसेल. अख्खा पत्रा त्या रेघांच्या पातळीला आणायचा. आधी मध्यम कागद, मग बारीक. डावीकडून उजवीकडे, एका दमात, मध्ये थांबायचं नाही, मागे यायचं नाही. थांबलं तिथे खूण उमटते."

"हे कुणी शिकवलं तुला?" नेबोयशाने विचारलं.

"सहावीत होते. बाबांनी पडवीत. तू तेव्हा फुटबॉलला होतास."

तिहोमिरने डाव्या हाताने फडताळातून ठोकळा काढून दिला. ठोकळ्यावर अजून पहाटेचा जाड कागद होता. त्याने तो झटकन फाडून कोपऱ्यातल्या चुलीत टाकला. झोरित्साने खिडकीबाहेर पाहिलं.

ओटा रिकामा करायचा होता. सूप आईबाबांच्या पलंगावर गेलं, खाली ट्रे, वर ब्लँकेट. अक्रोड घातलेला गहू बाथरूममध्ये वॉशिंग मशीनवर. तळायचे मासे शिवणयंत्रावर. सणाचा पाव कुठे ठेवायचा यावर वाद झाला, कारण तो जमिनीजवळ ठेवत नाहीत. शेवटी तो नेबोयशाच्या हातात दिला आणि हलू नको म्हणून सांगितलं. शेगडी ओढून पुढे आणली. तिच्यामागे सापडला एक लाकडी चमचा, लिलियानाच्या लग्नातलं बटण आणि स्तामेनाचं एक कर्णफूल, जे हरवल्याबद्दल तिने सत्त्याण्णव साली शेजारणीशी बोलणं सोडलं होतं.

"आता काय करू?" स्तामेना कर्णफूल हातात धरून म्हणाली. "तिच्याशी बोलावं लागणार."

"आज येईलच ती," तिहोमिर म्हणाला. "लुकाच्या दिवशी बोलावणं लागत नाही."

पहिला प्रयत्न नेबोयशाने मागून घेतला. पाव बायकोच्या हाती देऊन तो जोरात निघाला, दीड मीटरवर खिशातला फोन वाजला, आणि तो थांबला. पत्र्यावर एक सुबक तुटलेली रेघ उमटली.

"उचल फोन," तिहोमिर म्हणाला. "कुणाचा आहे?"

"तुमचाच, बाबा. तुमच्या खिशात बटण दाबलं गेलं असेल."

तिहोमिरचा उजवा हात खिशात स्थिर राहिला. खिसाच हलत होता.

मग झोरित्साने ठोकळा घेतला. श्वास भरला आणि चालू लागली. मनगट नाही, खांदा नाही, सगळं अंग एकदम, जसं बाबा पडवीत चालायचे. तीन पावलं, खिडकीच्या चौकटीपाशी ठोकळा पत्र्यावरून सुटला. रेघ अखंड. परत यायला ओट्यासमोर जागा नव्हती, म्हणून ती खिडकीकडच्या दारातून बोळात गेली, कोठीतून वळली आणि पुन्हा डावीकडच्या दारातून आत आली.

"तुझ्यामागे कुणीतरी ओला फडका मारायला हवा," स्तामेना म्हणाली, "नाहीतर भुकटी बसते."

लिलियाना ओला फडका घेऊन मागे लागली. तिच्यामागे नेबोयशा कोरडा फडका घेऊन. पाव आता स्तामेनाकडे होता, आणि एका जागी उभं राहणं तिला कधी जमलं नव्हतं, म्हणून तीही पाव छातीशी धरून रांगेत आली. पत्र्यापुढून, दारातून, बोळातून, कोठीतून, परत पत्र्यापुढे. तिसऱ्या फेरीला स्तामेना गुणगुणायला लागली. पाचव्या फेरीला पावलं आपोआप कोलो या फेराच्या नाचावर पडू लागली, दोन पुढे, एक तिरकं. दाराशी तिहोमिर ठेका देत उभा, "चालू द्या, चालू द्या, वाकू नका, सूनबाई पोट आत," आणि लिलियाना हसत हसत म्हणाली, "पोट आतच आहे बाबा, बाहेर आहे ते रात्रीचं जेवण."

कोठीच्या अंधाऱ्या वळणावर लिलियानाने झोरित्साला गाठलं. "एक विचारू? लुका आमच्याकडे आला तर तू गहू करायला येशील?"

"येईन."

"पाव मळायला?"

"येईन."

"मासा?"

"लिफ्ट चालू असेल तर."

"म्हणजे सगळं तूच करणार, आणि त्यासाठी शंभराहून जास्त किलोमीटर येणार." तिने ओला फडका पिळला. "मी लुकासाठी चोवीस ताटं घेऊन ठेवलीत गं. मला ती बघून झोप येत नाही."

"नेबोयशाला सांगितलंस?"

"तो दर वर्षी लुका घ्यायचा म्हणून टाय बांधतो, त्याच्यापुढे कसं सांगणार?"

मागून नेबोयशाचा आवाज आला. "कोठीत सगळं ऐकू येतं." मग फडक्याआडून, "मला टायने गळफास बसतो. नऊ वर्षं."

त्यांना आणखी बोलायला वेळ मिळाला नाही. पत्र्यासमोर पाद्री गाव्रिलो उभा होता, झग्यात, एका हातात धुपाटणं, पंचवीस मिनिटं लवकर.

"चौदा घरं आहेत आज," तो क्षमा मागत म्हणाला. "दार उघडं होतं. हे काय चाललंय?"

"थांबा," झोरित्सा म्हणाली. तिने श्वास भरलेला होता आणि ती निघालेली होती. तिच्यामागून सगळी रांग पाद्रीला वळसा घालून गेली. स्तामेनाने पाव मध्येच त्याच्यापुढे धरला, त्याने सवयीने आशीर्वाद दिला, आणि ती बोळात नाहीशी झाली.

पाद्रीलाही काम मिळालं. लुकाची मेणबत्ती पत्र्याच्या अगदी कडेला धरायची. तिरप्या उजेडात उरलेल्या रेघा दिसतात. "इथे एक आहे," तो नाक पत्र्याला लावून म्हणायचा. "इथेही. नाही, ती माझी दाढी." आता बारीक कागद. अकरा रेघांच्या सहा झाल्या, सहाच्या दोन, आणि दोन्ही जणू पाण्यात विरघळल्या. पत्रा डावीकडून उजवीकडे एकसारखा झाला, शांत, वाऱ्याने एका बाजूला झुकलेल्या गवतासारखा.

"एक हात राहिला," झोरित्सा म्हणाली. "बाबा, या."

"मी कशाला? झालंय की."

"दाब किती द्यायचा ते आठवत नाही मला."

हे खोटं आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. तिहोमिरने खिशातून उजवा हात काढला आणि कुणाकडे न बघता तिच्या हातावर ठेवला. तिच्या बोटांना ती थरथर लागली, सेकंदाला पाच, बारीक, न थांबणारी, खिडकीला धडकणाऱ्या पाखरासारखी. तिने ठोकळा घट्ट धरला. दोघांनी श्वास भरला. तीन पावलं. थरथर तिच्या हातात मुरली, ठोकळ्यापर्यंत पोचली नाही.

चौकटीपाशी ठोकळा सुटला. पाद्रीने मेणबत्ती धरली. रेघ सरळ होती.

"कधी कळलं तुला?" तिहोमिरने खालच्या आवाजात विचारलं.

"कॉफीच्या आधी."

"आणि मला सगळ्यांवर ओरडू दिलंस?"

"तुम्ही इतके खूश फार दिवसांनी दिसलात."

तो हसला, आधी नाकातून, मग खांद्यांतून. स्तामेनाने पाव टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले. ते कांद्याचं पाणी असल्याचं तिने सांगितलं. कांदा अजून कुणी चिरला नव्हता.

मग सगळं घाईघाईने झालं. गहू बाथरूममधून आला, सूप पलंगावरून. मेणबत्ती पितळी घरात उभी राहिली. लिलियानाने पाचच रोलर काढले, सहावा कुणाला दिसला नाही. नेबोयशा टाय बांधून बापाच्या उजवीकडे, वारसाच्या जागी, उभा राहिला, झोरित्सा नेहमीसारखी शेगडीपाशी, हातात उलथनं, माशांवर एक डोळा. पाद्री गाव्रिलोने प्रार्थना म्हटली, पावावर लाल वाइनचा क्रूस ओतला आणि नऊ वर्षांच्या सवयीने, उत्तर माहीत असलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं,

"तिहोमिर, यंदा लुका सोपवतोस का?"

तिहोमिरने पत्र्याकडे पाहिलं. मग त्याने टेबलाखालून खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसला.

लुकाच्या दिवशी या घराचा धनी बसलेला स्तामेनाने कधी पाहिला नव्हता, सासराही नाही. नेबोयशाचा हात टायच्या गाठीकडे गेला. त्याने बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि बापाच्या उजवीकडची जागा सोडून एक पाऊल मागे सरकला. गाठ सैल करताना त्याचा चेहरा लहानपणी शाळा सुटल्यावर व्हायचा तसा झाला होता.

तव्यात मासा चर्र करत होता. नव्याने घासलेल्या पत्र्यावर तेलाचा पहिला थेंब उडाला.

"उलथनं ठेव, झोरित्सा," तिहोमिर म्हणाला. "तो मासा तुझा भाऊ बघेल. ये, पाव धर. लुका याच घरात राहील, आजपासून तुझ्याकडे. आणि मला कुणीतरी सूप वाढा, मी बसलोय."